प्लॅस्टिकमधला दाखला

जूनवर लिहायला बसलं की लोक पावसाकडे वळतात. मी वळणार नाही. माझा जून कागदांचा आहे. झेरॉक्स मशिनमधून नुकत्याच बाहेर पडलेल्या, हाताला भाजलेल्या पापडासारख्या गरम लागणाऱ्या प्रतींचा, शिक्क्याच्या जांभळ्या शाईचा, बोटांना चिकटणाऱ्या खळीचा, पासपोर्ट फोटोंच्या छोट्या पांढऱ्या पाकिटांचा. नाशिकच्या कॉलेज रोडवरून या दिवसांत नुसतं चालत गेलं तरी हा वास येतो. बारावीचा निकाल लागलेला असतो. हातात फाइल घेतलेली मुलं रस्ता ओलांडत असतात आणि त्यांच्या दोन पावलं मागे त्यांचे आईवडील असतात. बालवाडीच्या पहिल्या दिवशी हा क्रम उलटा होता, हे त्या गडबडीत कोणाच्या लक्षात येत नाही.

मी आता नाशिकमधल्याच एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. वर्षभर माझी जागा प्रयोगशाळेत असते. जून आला की मी प्रवेश समितीत जाते आणि कार्यालयाच्या खिडकीच्या आतल्या बाजूला एक टेबल धरून बसते. या समितीत जायला सहसा कोणी तयार नसतं. मी दर वर्षी आपणहून नाव देते. सहकाऱ्यांना वाटतं, या बाईला कामाची भारी हौस. वाटू दे.

"मॅडम, कॉलेज सुरू व्हायच्या आधी काय काय माहीत पाहिजे?" असं दर वर्षी एखादी मुलगी विचारतेच. त्याचं एक छापील पत्रक आमच्याकडे आहे. ते मी देते आणि वर चार गोष्टी तोंडी सांगते. प्रत्येक कागदाच्या सहा झेरॉक्स काढून ठेव, पाच कमी पडतात. फोटो एकदाच डझनभर काढ. वेळापत्रकात 'प्रॅ.' लिहिलेलं असेल त्या दिवशी ॲप्रन आण आणि केस बांधून ये. इथे घंटा झाली म्हणून कोणी वर्गात ढकलणार नाही, तू आली नाहीस तर कोणी घरी चिठ्ठी पाठवणार नाही, आणि ही जेवढी मजेची गोष्ट वाटते तेवढीच धोक्याची आहे. ग्रंथालयाचं कार्ड पहिल्याच आठवड्यात काढ, नंतर रांग वाढते. इंग्रजी कळत नाही म्हणून शेवटच्या बाकावर जाऊन बसू नकोस, तिथून तर काहीच कळत नाही.

आणि शेवटी मी म्हणते, दाखल्याला प्लॅस्टिक मारू नकोस.

मुली हसतात. त्यांना वाटतं, मॅडम गंमत करतायत.

आमच्या घरात कॉलेजला जाणारी मी पहिली. नव्वदच्या दशकातली गोष्ट. अण्णा, म्हणजे माझे वडील, सातपूरच्या एका इंजिनिअरिंग कारखान्यात मशिनवर होते. तिथेच एका खोलीत ते एकटे राहायचे. आई आणि मी चांदवडला. शनिवारी कारखान्यांना सुट्टी असायची, म्हणून शुक्रवारची पाळी संपवून अण्णा मिळेल त्या एसटीनं घरी येत आणि रविवारी परत जात. माझं शाळेपासून बारावीपर्यंतचं सगळं शिक्षण त्यांनी असं शनिवारी-शनिवारी पाहिलं. बारावी झाली आणि पुढचं शिक्षण नाशिकलाच, असं ठरल्यावर आईनं चांदवडचं बिऱ्हाड आवरलं. दोन ट्रंका, एक स्टोव्ह, माझी पुस्तकं आणि देवघरातला वणीच्या देवीचा फोटो घेऊन आम्ही दोघी सातपूरला आलो.

त्या खोलीचा वास मला अजून येतो. अण्णांच्या कपड्यांना मशिनच्या तेलाचा वास होता, तो कितीही धुतला तरी जायचा नाही. आईनं पहिल्या दिवशी सगळे कपडे सोड्यात भिजवले, दुसऱ्या दिवशी पुन्हा भिजवले, तिसऱ्या दिवशी तिनं हात टेकले. सकाळी सातला भोंगा, दुपारी तीनला भोंगा. चांदवडला आम्ही वेळ उन्हावरून ओळखायचो, इथे भोंग्यावरून. भोंगा झाला की सायकली, मोटारसायकली आणि बसची अशी काही झुंबड उडायची की आई दार लावून घ्यायची. मला मात्र ती गर्दी बघायला आवडायची. इतकी माणसं ठरल्या वेळेला ठरल्या जागी जातात, याचं मला अप्रूप वाटायचं. मलाही असं कुठेतरी ठरल्या वेळेला जायचं होतं.

निकालाची गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला हाती आला, तेव्हा आईनं दोन्ही कागद आधी देवीपुढे ठेवले. हळदकुंकू वाहिलं. तिचा अंगठा कुंकवानं भरलेला होता आणि तोच दाखल्याच्या वरच्या कोपऱ्यावर टेकला. चांगला ठसठशीत, लालभडक. अण्णा दुसऱ्या पाळीला निघायच्या तयारीत होते. त्यांनी तो डाग पाहिला आणि त्यांचा चेहराच उतरला.

"अगं, सरकारी कागद हाय तो," ते म्हणाले.

"मग देवीचं कुंकू हाय ते," आई म्हणाली.

अण्णांनी फुंकर मारून पाहिली, रुमालाच्या टोकानं टिपून पाहिलं. ठसा कडेनं थोडा पसरला, गेला नाही. मग ते दोन्ही कागद वहीत घालून बरोबर घेऊन गेले. कशाला, ते बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर उशाशी ते कागद होते. चकचकीत, ताठ, गार. चारही कोपरे कात्रीनं गोल केलेले. कारखान्यात मशिनवर जे ड्रॉइंग लावतात त्याला कामगारांच्या हाताचं तेल लागून ते खराब होऊ नये, म्हणून त्याला दोन्ही बाजूंनी प्लॅस्टिक बसवत. त्यासाठीचं मशिन ड्रॉइंग खात्यात होतं. जेवणाच्या सुट्टीत अण्णांनी तिथल्या माणसाला विचारून माझे कागद स्वतःच्या हातानं त्या मशिनमधून काढले होते.

"आता तेल लागू दे, नाय तर कुंकू लागू दे, नाय तर पाण्यात पडू दे," अण्णा म्हणाले. "पंचवीस वर्षं काय होत नाय."

आणि खरं सांगायचं तर मला ते फार आवडलं. आईला आवडलं, शेजारच्या बाईंना आवडलं, पण सगळ्यात जास्त मला. मी दाखला उजेडात धरून वाकडातिकडा करून पाहिला. आईच्या अंगठ्याचा ठसा आत कायमचा बंद झाला होता, त्यातल्या रेषासुद्धा दिसत होत्या. माझं नाव, जन्मतारीख आणि 'वर्तणूक चांगली' हे शब्द काचेखाली ठेवल्यासारखे झाले होते. माझ्या आयुष्यातली ती पहिली वस्तू, जी बाजारातून आणलेल्या वस्तूसारखी दिसत होती.

कॉलेजच्या पहिल्या यादीत माझं नाव लागलं. शनिवारी दुपारी बारापर्यंत मूळ कागद जमा करून प्रवेश पक्का करायचा, नाही तर जागा पुढच्याला जाणार, असं फळ्यावर लिहिलं होतं. गुरुवारी सकाळी अण्णा आणि मी गेलो. अण्णांनी दिवाळीचा शर्ट घातला होता. रांग कार्यालयाच्या जिन्यावरून खाली गेटपर्यंत आली होती. रांगेतली मुलं आपसात इतक्या सहज बोलत होती की ती सगळी एकाच वाड्यातली असावीत असं मला वाटलं. मी फाइल छातीशी धरून उभी होते. अण्णा माझ्यामागे होते आणि दर पाच मिनिटांनी विचारत होते, "कागद हायेत ना?" त्यांचा आवाज मशिनच्या खोलीतला होता, म्हणजे मोठा. प्रत्येक वेळी पुढची दोन-तीन डोकी वळायची. मी न वळता मान हलवायची.

खिडकीशी आमचा नंबर लागला. आतल्या कारकुनानं गुणपत्रिका बघितली, बाजूला ठेवली. दाखला हातात घेतला आणि ते थांबले. त्यांनी तो उलटा केला, पुन्हा सुलटा केला, टेबलावर टकटक वाजवून पाहिला.

"हे काय आहे?"

"दाखला," मी म्हणाले.

"ते दिसतंय मला. याच्या पाठीवर शिक्का मारायचा असतो, प्रवेश क्रमांक लिहायचा असतो. फाइलीला टोचून आमच्याकडे जमा करायचा असतो. प्लॅस्टिकवर शिक्का मारू? गुणपत्रिकेचं एक वेळ चालवून घेऊ, पण दाखला असा नाही चालत." मग त्यांनी चष्मा वर केला आणि विचारलं, "हे कोणी केलं?"

रांग शांत झाली होती. निदान मला तसं वाटलं. माझी मान वळली आणि माझा हात उचलला गेला. मी बोट केलं.

"यांनी," मी म्हणाले.

'वडिलांनी' सुद्धा नाही. यांनी. रस्त्यात कोणी अनोळखी माणसाकडे बोट दाखवावं तसं.

कारकून अण्णांकडे बघून म्हणाले, "अहो, करायच्या आधी कोणाला तरी विचारायचं." एवढंच. यापेक्षा वाईट काही बोलले नाहीत. त्यांच्या जागी बसल्यावर मला कळतं की दिवसाला दोनशे कागद हाताळणाऱ्या माणसाच्या मानानं ते सभ्यच बोलले. अण्णांनी मान हलवली. "चूक झाली साहेब. माझ्याकडून झाली," ते म्हणाले. मशिनच्या आवाजात नाही, अगदी हळू. मग त्यांनी खिडकीतून दाखला परत घेतला आणि शर्टाच्या टोकानं पुसला. त्यावर काहीही लागलेलं नव्हतं.

माणसाला एखादी गोष्ट त्या क्षणी कळत नाही याचं मला आता नवल वाटत नाही. मला तेव्हा फक्त माझी जागा दिसत होती. शनिवार दुपारी बारा. त्यानंतर ती जागा माझ्या मागच्या मुलीची झाली असती. मी जिन्यावरून उतरताना रडले, पण ते स्वतःसाठी.

खोलीवर आल्यावर आई म्हणाली, गरम इस्त्री फिरवून प्लॅस्टिक सुटतं का बघू. अण्णांनी गुणपत्रिकेचा एक कोपरा ब्लेडनं सोडवून पाहिला. प्लॅस्टिकबरोबर कागदाचा पापुद्रा आणि वरची अर्धी अक्षरं उचलून आली. त्यांनी लगेच हात काढून घेतला. लोखंडावर केसभर फरक बोटानं ओळखणारा माणूस, पण कागदापुढे त्यांचं काही चाललं नाही. "उद्या चांदवडला जाऊ. त्यांच्याकडून दुसरा दाखला आणू," ते म्हणाले. त्या दिवशी ते दुसऱ्या पाळीला गेले तेव्हा जेवणाचा डबा घरातच राहिला.

शुक्रवारी सकाळच्या एसटीनं आम्ही निघालो. आग्रा रोडला पिंपळगाव मागे पडलं की हवेत कांद्याचा वास येऊ लागतो. त्या दिवसांत कांदा चाळीत भरून ठेवलेला असतो आणि दुतर्फा त्या लांबट चाळी दिसतात. पुढे चढावर गाडी हळू झाली. अण्णा खिडकीशी बसले होते, मांडीवर फाइल, फाइलीवर दोन्ही हात. बारा वर्षं ते या रस्त्यानं माझ्याकडे येत होते. या वेळी मी बरोबर होते, तरी त्यांनी खिडकीबाहेरून नजर काढली नाही.

मी बारावी केलेल्या ज्युनिअर कॉलेजात गेलो तर प्राचार्य मीटिंगसाठी नाशिकला गेलेले. आम्ही नाशिकहून चांदवडला आणि ते चांदवडहून नाशिकला. तिथले कारकून आम्हाला ओळखत होते. त्यांनी प्लॅस्टिकमधला दाखला पाहिला, हसले आणि म्हणाले, "लय भारी केलंय की! पण आता एक करा. मूळ दाखला हरवला म्हणून अर्ज द्या. एसटीत हरवला म्हणा. साहेब आले की दोन मिनिटांत सही होईल."

"हरवला नाय ना पण," अण्णा म्हणाले. "हा काय, हाये."

"अहो, लिहायला काय जातंय? हरवल्यावर दुसरी प्रत देतात. खराब केल्यावर द्यायची का नाय, ते साहेब ठरवतील. नाय म्हणाले तर?"

"नाय म्हणाले तर बघू."

मला अण्णांचा अतोनात राग आला. इथे माझी जागा चालली होती आणि हे तत्त्व घेऊन बसले होते. मी म्हणालेसुद्धा, "लिहू ना अण्णा हरवला म्हणून, कोणाला कळणार आहे?" अण्णा व्हरांड्यातल्या बाकावर बसले, मला वहीचं पान काढायला लावलं आणि म्हणाले, "मी सांगतो, तू लिही. तुझं अक्षर चांगलं हाय."

त्यांनी सांगितलं ते मी लिहिलं. वरती माझं नाव. मग: 'सदर दाखला खराब झाला आहे. कारण: त्यावर प्लॅस्टिक बसवले.' मग ते म्हणाले, "आता लिही, जबाबदार. पुढं माझं नाव. पूर्ण."

मी लिहिलं. पेन थांबलं नाही माझं. कालच मी ते बोटानं सांगितलं होतं, आता अक्षरानं लिहीत होते. खाली अण्णांनी सही केली, त्यांची ती मोठी, प्रत्येक अक्षर सुटं असलेली सही.

मग आम्ही आवारातल्या कडुलिंबाखाली बसून राहिलो. दीड वाजला, दोन वाजले. एसटी स्टँडवरच्या फोनच्या टपरीवरून अण्णांनी कारखान्याच्या गेटवर फोन केला आणि पाळीला येत नाही म्हणून सांगितलं. न सांगता तर सोडाच, सांगूनसुद्धा त्यांनी पाळी चुकवल्याचं मला आठवत नव्हतं. तीन वाजता त्यांनी घड्याळ पाहिलं. इथे भोंगा नव्हता, तरी त्यांना तो ऐकू आला असावा, कारण त्यांनी मान वर केली. मी घरून आणलेली भाकरी आणि ठेचा काढला. "तू खा," ते म्हणाले. "तुला उद्या पुन्हा रांगेत उभं राहायचंय." तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की आपण उद्या खरंच रांगेत असणार.

प्राचार्य चारच्या पुढे आले. दमलेले होते. अर्ज वाचता वाचता त्यांनी अण्णांकडे पाहिलं, पुन्हा अर्जाकडे पाहिलं.

"जबाबदार, आणि पुढे नाव? असा अर्ज माझ्याकडे पहिल्यांदा आलाय. हे कशाला लिहिलंत?"

अण्णा उभेच होते. "साहेब, आमच्याकडं जॉब, म्हंजे मशिनवरचा नग, खराब झाला की चिठ्ठी लिहावी लागती. काय खराब झालं, कशानं झालं, कोणाच्या हातून झालं. नाय लिहिलं तर ते पुढच्या पाळीवाल्याच्या नावावर जातं."

प्राचार्यांनी सही केली. नव्या दाखल्यावर वरती लाल शाईनं 'द्वितीय प्रत' असं लिहिलं, शिक्का मारला आणि शाई वाळेपर्यंत हातात धरून ठेवला. मग माझ्याकडे देत म्हणाले, "याला काही करू नका आता." अण्णा पहिल्यांदा हसले.

शनिवारी अकराच्या आत आम्ही पुन्हा खिडकीशी होतो. त्याच कारकुनांनी नवा दाखला घेतला, पाठीमागे धाडकन शिक्का मारला, दाभणानं टोचून फाइलीत घातला आणि म्हणाले, "फी तिकडे, तळमजल्यावर." माझ्या उच्च शिक्षणाची सुरुवात या वाक्यानं झाली. मला त्या शिक्क्याचा आवाज ऐकून असं वाटलं की आता मला इथून कोणी हलवू शकत नाही. आणि खरंच, कोणी हलवलं नाही.

तसे प्रयत्न बरेच झाले. पहिल्याच तासाला सर म्हणाले, "ॲज यू ऑल नो," आणि जे मला अजिबात माहीत नव्हतं त्याच्या पुढचं शिकवू लागले. मी मराठी माध्यमाची. 'ऑक्सिडीकरण' मला पाठ होतं, पण फळ्यावर ते इंग्रजीत आलं तेव्हा ओळख पटायला अर्धा तास लागला. पहिले तीन दिवस मी गप्प बसले. चौथ्या दिवशी ठरवलं, आता विचारायचं. खिडकीतला तो माणूस म्हणाला होता ना, करायच्या आधी विचारायचं? मग मी विचारत सुटले. सरांना विचारलं, ग्रंथपालांना विचारलं, प्रयोगशाळेतल्या मदतनिसांना विचारलं, पुढच्या बाकावरच्या त्या एकाच वाड्यातल्या वाटणाऱ्या मुलांनाही विचारलं. ती एकमेकांना ओळखत नव्हती, असं तेव्हा कळलं. सगळेच घाबरलेले होते, काही जण मोठ्यानं बोलून ते झाकत होते. हे पत्रकात छापायला हवं असं मला दर वर्षी वाटतं.

सातपूरहून सिटी बसनं यायचं, उभ्यानं. बसमध्ये रात्रपाळी करून घरी निघालेले कामगार असत, हातात रिकामा डबा. मी त्यांच्यातच उभी असायची आणि माझ्या पिशवीत ॲप्रन असायचा. तेही ठरल्या वेळेला ठरल्या जागी चालले होते, मीही. एखाद्या दिवशी जायचा कंटाळा आला की मी लिंबाखाली बसून पाळी चुकवणारे अण्णा डोळ्यांपुढे आणायची आणि उठायची. तीन वर्षं, मग आणखी दोन वर्षं, मी हा हिशेब मोडला नाही.

बोटाची गोष्ट मात्र फार उशिरा वर आली. शिकवायला लागल्यावर, पहिल्यांदा प्रवेशाच्या टेबलावर बसले तेव्हा. समोर एक बाप आणि मुलगा उभे होते आणि बापानं काहीतरी मोठ्यानं विचारलं तसा मुलगा अर्धं पाऊल बाजूला सरकला. फक्त अर्धं पाऊल. मला ते पाऊल ओळखीचं वाटलं. त्या रात्री मला झोप लागली नाही आणि दुसऱ्या वर्षीपासून मी समितीत आपणहून नाव देऊ लागले.

एक काम मी भांडून करून घेतलं. प्लॅस्टिकमधले दाखले अजून येतात, आता तर जास्त येतात, कारण ते मशिन प्रत्येक झेरॉक्सच्या दुकानात आलंय. अशा मुलांसाठी मी एक हमीपत्र तयार करायला लावलं. पंधरा दिवसांत दुसरी प्रत आणून देतो, असं लिहून द्यायचं आणि तोवर प्रवेश पक्का. त्यात कारणाचा रकाना आहे. कोणी केलं, हा रकाना मी मुद्दाम ठेवू दिला नाही.

या वर्षी वणीच्या बाजूच्या एका खेड्यातून एक मुलगी आली. मागे तिचे वडील. टोपी हातात, डोळे खिडकीच्या गजांवर. मुलीनं फाइल उघडली आणि दाखला टेबलावर ठेवला. ताठ, चकचकीत. आतमध्ये हवेचे दोन-तीन फुगे राहिले होते. हमीपत्र माझ्या हाताशीच होतं. विचारायची काही गरज नव्हती. पण सकाळपासून शंभर कागद बघितले होते, जीभ सैल सुटली होती, आणि माझ्या तोंडून निघून गेलं.

"हे कोणी केलं?"

मागून वडील म्हणाले, "म्याडम, ते मी..."

"मी केलं, मॅडम," मुलगी म्हणाली. मोठ्यानं, सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं. "मला माहीत नव्हतं. मीच केलं."

तिनं मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. तिचे वडील तिच्या पाठीकडे बघत राहिले. तिला अजून आमचं पत्रकही मिळालेलं नव्हतं. मी हमीपत्र तिच्यापुढे सरकवलं आणि कुठे सही करायची ते दाखवलं.  कॉलेजला येण्याआधी जे माहीत असायला हवं ते या मुलीला माहीत होतं आणि मला नव्हतं. माझी पदवी, त्यापुढची पदवी, नोकरी, सगळं मिळून त्या एका गोष्टीत मी तिच्या मागे होते. लाज वाटली. आणि लाजेच्या जोडीला एक हट्टही मनात उभा राहिला, की आज घरी जाऊन बोलायचंच.

अण्णा आता निवृत्त आहेत. मशिनच्या आवाजानं कान अधू झालेत. गॅलरीत एक छोटं टेबल मांडून शेजाऱ्यापाजाऱ्यांचे मिक्सर दुरुस्त करत बसतात. मी संध्याकाळी गेले तेव्हाही ते एक मिक्सर उघडून बसले होते. मी स्टूल ओढून त्यांच्यासमोर बसले आणि मोठ्यानं सगळं सांगितलं. मुलगी, तिचे वडील, ती काय बोलली ते. मग म्हणाले, "अण्णा, त्या दिवशी खिडकीशी मी तुमच्याकडे बोट करायला नको होतं. माझं चुकलं."

त्यांनी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. मला वाटलं, ते म्हणतील, कोणता दिवस? पण त्यांना दिवस आठवत होता.

"केलं मीच होतं," ते म्हणाले. "मग कोणाचं नाव सांगणार होतीस?"

 आई आतून चहा घेऊन आली. कपाटातल्या वरच्या खणात तो पहिला दाखला अजून आहे, कुंकवाच्या अंगठ्यासकट. अण्णा म्हणाले होते ती पंचवीस वर्षं केव्हाच उलटली, त्याला काही झालेलं नाही. अण्णांनी चहाचा एक घोट घेतला आणि काहीतरी आठवल्यासारखं विचारलं,

"त्या पोरीच्या दाखल्यात बुडबुडे होते का?"

"काय?"

"प्लॅस्टिकमधी. हवेचे बुडबुडे."

"होते. दोन-तीन होते."

"आपल्यात एक नव्हता," अण्णा म्हणाले आणि मिक्सरचा पुढचा स्क्रू काढू लागले.